मालकाची जागा

मोटारीचा मालक असणं आणि मोटारीचा मालक दिसणं ह्या दोन गोष्टींत किती अंतर असतं, हे मी आता टेप लावून सांगू शकतो. मोजणं हा माझा धंदाच आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, पेट्रोलपंपांची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. मी दुकानात पाऊल टाकलं की गल्ल्यावरचा माणूस आपोआप उभा राहतो. काहीजण तर मी समोरच्या फुटपाथवरून नुसता जाताना दिसलो तरी उभे राहतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी किती उंचावरून पडलो ह्याचा अंदाज तुम्हाला येईल.

गाडी आमच्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या मामांची. बंगला विकून ते मुलीकडे राहायला निघाले तेव्हा कपाटं, झुंबरं, गालिचे पटापट वाटले गेले. कपाटाला पेट्रोल लागत नाही. उरली ती गाडी. एकोणीसशे बारा सालची, गडद हिरवी, पितळी दिव्यांची. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. मामेसासऱ्यांच्या एका हॉटेलवाल्या पुतण्याला ती हवी होती. गाडी हॉटेलच्या दारात उभी करून आतल्या गादीवर टेबल मांडायचं आणि गिऱ्हाईकांना त्यात जेवायला बसवायचं, असा त्याचा बेत होता. तो ऐकून मामेसासऱ्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

"तुझा नवरा सरळ माणूस आहे," ते बायकोला म्हणाले. "त्याला देतो." आमच्या सासुरवाडीत 'सरळ' हा शब्द 'नाही म्हणता न येणारा' ह्या अर्थाने वापरतात. "अट एकच. गाडी चालती राहिली पाहिजे. कायमची उभी राहिली, तर मग पुतण्याकडे गेली असं समज."

मी सरळ माणूस असल्यामुळे हो म्हणालो.

गाडी ट्रकवरून आली आणि आमच्या सोसायटीत उतरली तेव्हा गॅलऱ्यांमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी खाली उभा राहून "जरा सांभाळून, जरा सांभाळून" असं ट्रकवाल्याला अधिकारवाणीने सांगत होतो. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तो जास्त टिकत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी टेप घेऊन आले.

"तुमची गाडी तुमच्या पार्किंगच्या पट्ट्यात मावत नाही," ते म्हणाले. "नाक माझ्या पट्ट्यात येतंय. अडीच फूट."

"तुमच्या टेपवर आमच्या खात्याचा शिक्का आहे का?" मी विचारलं.

सेक्रेटरींनी टेप उलटसुलट करून पाहिली. शिक्का नव्हता. "मग ह्या मापाला कायद्याने काही अर्थ नाही," मी म्हणालो आणि वर चहा प्यायला गेलो. हा माझा ह्या सगळ्या प्रकरणातला शेवटचा विजय.

लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर म्हणाले, इंजिनाला एकदम पेट्रोल देऊ नका, आधी थोडं थोडं द्या, सवय होऊ द्या. तळमजल्यावरच्या बाईंचं म्हणणं, गाडीची चाकं लाकडाची आहेत, ती उन्हात वाळून आरे ढिले होतील, त्यांना रोज ओलं करा. हा सल्ला आईला पटला. ती रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला उतरली की चारही चाकांना एकेक तांब्या घालायची. फार काय, मागच्या डाव्या चाकाला ती थोडं जास्त घालायची, कारण तिच्या मते ते अशक्त होतं.

मग फिटर आला. हा एरवी बसगाड्या दुरुस्त करतो. त्याने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बोलतेय."

"काय बोलतेय?"

"भाषा कळत नाही अजून."

भाषा कळायला त्याला दीड महिना लागला. तेवढ्या काळात त्याने काढलेले भाग आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडलेले असायचे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. आपण काय उघडून ठेवलंय हे समजावं म्हणून मी जुन्या मोटारींवरची दोन जाडजूड पुस्तकं आणून वाचली आणि मग वाट्टेल त्याला धरून समजावू लागलो. ह्या गाडीला चावी नसते. समोर हँडल मारावं लागतं. स्टिअरिंगवर दोन दांड्या असतात, एक पेट्रोल कमीजास्त करते आणि दुसरी ठिणगी लवकर पाडायची की उशिरा ते ठरवते. हँडल मारताना ठिणगीची दांडी मागे घ्यायची. ती विसरली तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. हे मी शेजारच्यांना, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला इतक्या वेळा सांगितलं, की इस्त्रीवाला मला लांबून बघूनच "दांडी मागे!" म्हणून हात वर करायचा.

बारीकसारीक गोष्टींसाठी मी मामेसासऱ्यांना फोन केला. म्हटलं, आयुष्यभर गाडी वापरलेला माणूस, ह्यांच्याकडून शिकू.

"मामा, क्लच दाबल्यावर गिअर बदलताना मध्ये जरा थांबायचं ना?"

"ते मला विचारू नकोस बाबा," मामेसासरे म्हणाले. "मी मागचा माणूस. पडदे कसे ओढायचे, फुलदाणीत पाणी किती घालायचं, ते विचार."

"म्हणजे तुम्ही कधी चालवलीच नाही?"

"मी कशाला चालवू? ड्रायव्हर होता ना. का, कोण चालवणार आहे?"

"मीच."

मग त्यांनी अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, "मग मागे कोण बसणार?"

ह्या प्रश्नाचं मोल मला तेव्हा कळलं नाही. पुस्तकात लिहिलेलं होतं, पण मी ते पान घाईत उलटलं असणार. त्या काळातल्या श्रीमंती मोटारी मालकाने चालवायच्या नसतातच. मालकाची खोली मागे. मखमली गादी, रेशमी पडदे, फुलदाणी, छप्पर, दारं. मध्ये जाड काच. काचेच्या पुढे, उघड्यावर, एका लाकडी बाकावर ड्रायव्हर. त्याला वर छप्पर नाही, बाजूला दार नाही. आणि मालकाला हुकूम सोडता यावा म्हणून आतून एक नळी काढलेली असते. मालक आत नळीत बोलतो, ते ड्रायव्हरच्या कानाशी ऐकू येतं. ड्रायव्हरला उत्तर देण्याची सोय नाही. ती गाडी बनवणाऱ्यांना गरजेची वाटली नव्हती.

पण रस्त्यावर काढायच्या आधी गाडी आमच्या नावावर व्हायला हवी होती. परिवहन कार्यालयातल्या कॉम्प्युटरला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे. कारकुनाने 'बारा' टाकलं आणि पडद्यावर दोन हजार बारा उमटलं. त्याने गाडीचे फोटो पाहिले आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

"दोन हजार बाराची गाडी आणि ही अवस्था? काय केलंत काय तुम्ही हिचं?"

"अहो, एकोणीसशे बाराची आहे."

"इथं दोन हजार बारा दाखवतंय. सीटबेल्ट कुठायत? इंडिकेटर?"

"इंडिकेटर म्हणजे हात. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे वळायचं नाही, असं मी ठरवलंय."

मी सरकारी नोकर, खिडकीच्या आतली बाजू मला चांगली माहीत. आत बसलेल्याला शंका आली की बाहेरच्याचं काही खरं नसतं, हेही माहीत. शेवटी त्यांचे मोठे अधिकारी गाडी बघायला स्वतः खाली आले. त्यांनी मागचं दार उघडून गादीवर हात फिरवला. आत बसून पाहिलं. पडदे ओढले, सोडले. "जरा एक चक्कर घेऊ या का?" नळीतून आवाज आला. मी आवारात तीन चकरा मारल्या. ते उतरले तेव्हा चेहऱ्यावर एका लांबच्या प्रवासाहून आल्याचं समाधान होतं, आणि कॉम्प्युटरला काहीही वाटो, त्यांनी कागदावर हाताने साल घालून सही केली. त्या दिवसापासून मी पाहतो आहे, ह्या गाडीच्या मागच्या गादीवर बसल्यावर ज्याचं मत बदलत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. पुढच्या बाकावर बसायला मात्र कोणी मागितलं नाही.

पहिली खरी सफर रविवारी निघाली. मागे आई, बायको आणि ऐनवेळी "मुलांना जरा दाखवतो" म्हणून मुलांशिवाय चढलेले सेक्रेटरी. मी दांडी मागे घेतली, हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या. मी पुढे चढून बसलो आणि गाडी हलली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ह्या गाडीत ॲक्सिलरेटर मधोमध असतो आणि ब्रेक उजवीकडे. हे मी दूधवाल्याला समजावलं होतं, इस्त्रीवाल्याला समजावलं होतं, पण माझा पाय तेव्हा तिथे हजर नव्हता. फाटकाशी समोरून सायकलवाला आला. पायाने जन्मभराच्या सवयीने मधला पेडल दाबला. सायकलवाला वाचला, कारण तो हुशार होता. आम्ही फाटकाऐवजी सेक्रेटरींच्या गुलाबांतून बाहेर पडलो.

"तो माझा वाफा होता!" नळीतून सेक्रेटरी ओरडले.

"नीट चालव रे," नळीतून आई म्हणाली. "आणि मान खाली घालून बसू नकोस. पाठीला पोक येतं."

मी उत्तर दिलं. ते अर्थातच कोणाला ऐकू गेलं नाही. बायको नंतर म्हणाली की ही व्यवस्था तिला काही नवीन वाटली नाही, फक्त ह्या वेळी नळी होती.

रस्त्यावर लोक थांबून बघत होते, हात हलवत होते. मी सुरुवातीला मोठ्या मनाने हात हलवून प्रतिसाद दिला. मग लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतच नाहीत. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे जात होती. मागे वळून पाहिलं तर आई खिडकीतून हळुवार हात हलवत होती. सेक्रेटरींनी तर हात छातीवर ठेवून मान तुकवायला सुरुवात केली होती. उन्हाने माझं नाक भाजलं होतं, धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आत काहीतरी फार गमतीचं चाललं असावं, तिघंही पोट धरून हसत होती. काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बाजारपेठेत किराणा दुकानदार दारात उभा होता. मला बघून त्याच्या हातातली पुडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या तराजूची तपासणी करायला गेलो, तर तो उठला नाही. बसल्या बसल्याच त्याने माझा हात हातात घेतला.

"साहेब, वेळ कोणावरही येते," तो हळू आवाजात म्हणाला. "कामाची लाज बाळगू नका. बाई बऱ्या आहेत ना स्वभावाने?"

"कुठल्या बाई?"

"मालकीणबाई. त्या खिडकीतल्या."

"ती माझी आई आहे!"

"असं म्हणायला लागत असेल तर म्हणा," तो म्हणाला. मी घरासाठी साखर घेतली तर त्याने वजन झाल्यावर वरून मूठभर आणखी टाकली. दयेपोटी. वजनमापे निरीक्षकाला कोणी दयेपोटी जास्त वजन देण्याइतका अपमान माझ्या खात्याच्या इतिहासात झालेला नसेल. आणि मला त्याच्यावर केसही करता येईना. कायद्यात कमी वजनाला शिक्षा आहे, जास्तीला नाही.

आठवडाभरात बातमी सगळ्या पेठेत झाली. कापडवाला म्हणाला, माझ्या साडूला पण एक ड्रायव्हर हवाय, पगार चांगला देईल. आणि मग आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कसलीशी तक्रार होती.

"सरकारी नोकराला दुसरी नोकरी करता येत नाही, माहीत आहे ना?"

"सर, मी नोकरी करत नाही. गाडी माझीच आहे."

"मग पुढे का बसता?"

मी पुस्तकात वाचलेला मोटारींचा इतिहास थोडक्यात सांगितला. साहेबांनी तो थोडक्यातसुद्धा ऐकला नाही.

"मागे बसलेल्या बाई कोण?"

"माझी बायको, सर."

"आणि त्या वयस्कर?"

"आई."

"आणि नळीत ओरडणाऱ्या?"

"त्याही आईच."

"मला प्रत्यक्ष पडताळणी करावी लागेल," साहेब म्हणाले. "रविवारी गाडी घेऊन घरी या. आमच्या मिसेस पण असतील पडताळणीला."

पडताळणी फारच कसून झाली. साहेबांच्या मिसेस मागे बसल्या, त्यांची बहीण बसली, लग्न ठरलेली मुलगी बसली. तळ्याला वळसा घालून आलो. तक्रारीचा कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात हिचं लग्न आहे. लग्न लागलं की मुलगी-जावई ह्याच गाडीतून सासरी जातील. काय?"

ह्या 'काय'ला उत्तर नसतं हे चाकरमान्यांना सांगायला नको.

बायकोला मात्र खरंखुरं निमंत्रण होतं. छापील, नावानिशी. मी माझा एकुलता एक चांगला कोट घालून गाडी हॉलच्या दारात लावली. बायको आत गेली. तिच्या मागोमाग मी जाणार, तेवढ्यात साहेबांच्या मिसेस कोणालातरी म्हणाल्या, "गाडीवाला आलाय. त्याला मागे बसवून खायला द्या, म्हणजे वेळेवर तयार राहील."

हॉलच्या मागे एका लांब टेबलावर पाहुण्यांचे ड्रायव्हर जेवत होते. त्यांनी सरकून जागा केली. एका जाड मिश्यांच्या ड्रायव्हरने माझा कोट नीट न्याहाळला.

"कोट मालकाचा?"

"माझाच."

"जुना दिलेला असेल," तो समजुतीने म्हणाला. "पगार काय देतात?"

मी थोडा विचार केला. "काही नाही."

टेबलावर सगळ्यांचे घास थांबले. "काही नाही? आणि पेट्रोल?"

"मीच टाकतो."

"अरे देवा. जेवण तरी?"

"घरीच जेवतो. मालकीणबाईंच्या हातचं."

मिशीवाल्याने मिशी पुसली, दुसऱ्याकडे पाहिलं. "स्वतःच्या हाताने करून घालतात? मग टिकून राहा बाबा. पगार काय, मिळतो कुठेही." आणि त्याने स्वतःच्या ताटातली गोडाची वाटी माझ्याकडे सरकवली. खोटं कशाला सांगू, त्या लग्नातलं सगळ्यात चांगलं जेवण त्याच टेबलावर होतं. मी दोनदा वाढून घेतलं. एकमेकांच्या मालकांबद्दल ते जे बोलत होते ते ऐकून मला काही दिवस नीट झोप लागली नाही, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी वधूवर निघाले. साहेबांच्या मिसेसनी माझ्या बायकोलाही मागे बसवलं, पडदे आणि फुलदाणी सांभाळायला. मागून पाहुण्यांच्या गाड्या. बाजारपेठेतून जाताना सगळे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. मी सरळ समोर बघत होतो. पेठेच्या टोकाला चढ आहे. त्या चढावर, अगदी किराणा दुकानासमोर, गाडीने दोन खोकले काढले आणि ती थांबली.

मागून हॉर्न सुरू झाले. जावई काचेवर टकटक करू लागला. नळीतून नवरी विचारत होती, "काका, अजून किती वेळ?" किराणावाला मदतीला धावत आला. मी घाईघाईने उतरलो, हँडल धरलं आणि सगळ्या पेठेसमोर जोर लावून फिरवलं.

दांडी मागे घ्यायला मी विसरलो होतो.

उलटा झटका असा बसला की मी रस्त्यावर बसलो आणि माझं मनगट माझ्या मालकीचं राहिलं नाही. इस्त्रीवाला गर्दीत होता. "दांडी मागे, साहेब, दांडी मागे!" तो कळवळून म्हणाला. मला त्याचा गळा दाबावासा वाटला, पण हातच उपलब्ध नव्हता.

मागचं दार उघडलं आणि बायको उतरली. तिने माझ्या मनगटाला तिचा रुमाल घट्ट बांधला. "आत जाऊन बसा," ती म्हणाली.

"आणि गाडी?"

"मी चालवते."

"तू? ही गाडी? अगं, तुला ठिणगीची दांडी..."

"परवाना आहे माझ्याकडे. तुमच्या आधी मिळालाय. आणि इतके दिवस काचेतून बघतेय तुम्ही काय काय करता ते. ते सोडून बाकीचं करायचं. एवढंच ना?"

तिने दांडी मागे घेतली. किराणावाल्याने हँडल मारलं. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. मी आत जाऊन वधूवरांच्या समोरच्या घडीच्या खुर्चीवर बसलो. गाडी एकही हिसका न देता चढ चढली.

आत काय सुख होतं म्हणून सांगू! आवाज नाही, धूळ नाही. फुलं हलकेच डुलतायत. पण मला स्वस्थता कुठली? मी नळी उचलली. "दुसरा गिअर," मी म्हणालो. तिने आधीच टाकला होता. "समोर म्हैस आहे." म्हैस तिला दिसत होती. "डावीकडे वळायचं नाही!" ती डावीकडे वळली, हात बाहेर काढून, झोकात. मी आणखी चारपाच सूचना दिल्या. मग माझ्या लक्षात आलं की ती उलटून काही बोलू शकत नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. अशी संधी पुन्हा यायची नाही, आता तिला चांगलं सुनवावं, असं मनात आलं आणि काही केल्या एकही गोष्ट आठवेना. समोर काचेपलीकडे तिचा ताठ खांदा आणि वाऱ्याने सुटलेली केसांची बट दिसत होती.

"छान चालवतेस," मी नळीत म्हणालो.

तिने रबरी भोंगा दोनदा वाजवला. नवरी नवऱ्याला कोपराने ढोसून हसली.

सासरच्या दारात सगळं घर स्वागताला उभं होतं. नवरदेवाच्या वडिलांनी स्वतः पुढे होऊन दार उघडलं. आमच्यातला दाराजवळचा मी, म्हणून मी आधी उतरलो. कोटातला रुबाबदार माणूस मालकाच्या जागेतून उतरतोय म्हटल्यावर त्यांनी वाकून माझा हात हातात घेतला आणि कडकडून हलवला. दुखरा हात. माझी किंकाळी त्या लग्नाच्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येते. साहेब मागच्या गाडीतून धावत आले आणि त्यांना घाईघाईने म्हणाले, "हे आमच्या खात्यातले निरीक्षक. गाडीचे मालक." घाबरून का होईना, चारचौघांत म्हणाले.

परतताना डॉक्टरांकडे जायचं होतं. बायको म्हणाली, "मागे बसा आरामात." मी मागचं दार लावून टाकलं आणि वळसा घालून पुढच्या बाकावर तिच्या शेजारी चढलो. बाक अरुंद आहे, दोघांना चिकटून बसावं लागतं. गार वारा सुटला होता. मागे मखमली गादी, रेशमी पडदे, सगळं रिकामं.

मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. तिने गाडी अगदी रेषेवर थांबवली, उजवा पेडल दाबून. पोलीस कौतुकाने गाडीभोवती फिरला, काचेतून आत डोकावला.

"मालक कुठायत?"

"हे काय, शेजारी," बायको म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. धुळीने माखलेला कोट, रुमालात बांधलेलं मनगट. "हे? मग मागे का नाही बसले?"

"बसवलं होतं," ती म्हणाली. "फार बोलतात."

पोलिसाने समजूतदारपणे मान हलवली, चारही बाजूंची वाहतूक अडवली आणि आम्हाला वाट करून दिली. इंजिनाचा इतका गोंगाट होता की शेजारी बसूनही तिला काही ऐकू जाणार नाही, अशी माझी खात्री होती. म्हणून मामेसासऱ्यांपासून तिच्या त्या उत्तरापर्यंत मनात साठलेलं सगळं मी मोठमोठ्याने बोलून घेतलं. दवाखाना येईपर्यंत ती हसत होती.